खेळायला कुणी अर्ज करतं का? एका अंतराळ स्थानकावरच्या सुरक्षा प्रमुखपदाबद्दल

काही महिन्यांपूर्वी आईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी कपाळाला आठ्या घालून लॅपटॉपवर काहीतरी बडवत होते.

"काय लिहितेयस गं एवढं?"

"अर्ज."

माझं पोस्टडॉकचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं आहे हे घरी सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे आईचा चेहरा एकदम खुलला. "अगंबाई, कुठला?"

"सुरक्षा प्रमुखाचा. एका गेममधल्या."

थोडा वेळ नेटवर्क गेलंय की काय असं वाटलं. मग तिने विचारलं, "पगार असतो?" नसतो, म्हटलं. "मग अर्ज कशाला? खेळायला कुणी अर्ज करतं का?"

पॉडकास्टच्या मागच्या भागात आम्ही ऑनलाइन गेम्समधल्या नियमांबद्दल बोललो, पण हा विषय राहून गेला. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा धड देता आलं नाही, ते इथे देते. त्यासाठी ज्या गोष्टीची समीक्षा करायची ती जरा विचित्र आहे. गेमची समीक्षा लोक करतात. मला गेममधल्या एका पदाची आणि त्या पदासाठी लिहाव्या लागणाऱ्या अर्जाची करायची आहे.

आधी गेमबद्दल. 'स्पेस स्टेशन १३' हा गेम २००३ साली आला. बायॉन्ड नावाच्या जुन्या इंजिनवर चालतो आणि दिसायला अगदी साधा आहे. वरून बघितल्यासारखा नकाशा, चौकोनी फरशा, बोटभर माणसं. त्याचं नव्याने लिहिलेलं रूप म्हणजे 'स्पेस स्टेशन १४'. ते ओपन सोर्स आहे आणि फुकट खेळता येतं. दोन्हींची कल्पना एकच. एका कंपनीच्या अंतराळ स्थानकावर काही डझन माणसं एका पाळीसाठी कामाला आली आहेत. कुणी डॉक्टर, कुणी इंजिनिअर, कुणी आचारी, कुणी झाडूवाला, कुणी माळी. प्रत्येक पात्रामागे एक खरा माणूस बसलेला असतो. फेरी साधारण तास-दीड तास चालते, शेवटी यान येतं, वाचलेले लोक त्यात बसून निघून जातात. आणि या सगळ्यांत दोन-चार जण गद्दार असतात. त्यांना गुपचूप काहीतरी काम दिलेलं असतं. कॅप्टनची बंदूक चोर, अमुक माणसाला मार, असं. ते कोण, हे बाकी कुणालाच माहीत नसतं.

तुमच्यातल्या ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी दुपार काढली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. राजा, मंत्री, चोर, शिपाई. वहीचं पान फाडून चार चिठ्ठ्या करायच्या, उधळायच्या, आणि ज्याला शोधायचं काम आलं त्याने दोन चेहऱ्यांकडे बघून चोर ओळखायचा. (चोर कोणी शोधायचा, मंत्र्याने की शिपायाने, यावरून घराघरांत मतभेद आहेत. आमच्याकडे मंत्री शोधायचा.) गंमत अशी की त्या खेळात शिपाई व्हायला कुणी अर्ज करत नाही. चिठ्ठी येते आणि तुम्ही शिपाई होता. चुकीच्या माणसाला चोर ठरवलंत तर फार तर ५०० गुण जातात आणि मामेभाऊ पाच मिनिटं चिडवतो.

मग स्थानकावर अर्ज का?

स्थानकावर सिक्युरिटी नावाचा एक विभाग असतो. त्यात शिपाई, एक डिटेक्टिव्ह, कोठडी आणि शस्त्रागार सांभाळणारा वॉर्डन, आणि या सगळ्यांच्या वर हेड ऑफ सिक्युरिटी. मी त्याला सुरक्षा प्रमुख म्हणतेय. त्याच्या वर फक्त कॅप्टन. सुरक्षा प्रमुखाकडे शस्त्रागाराचा अ‍ॅक्सेस असतो, जवळजवळ सगळे दरवाजे त्याच्या कार्डाने उघडतात, आणि कोणाला पकडायचं, किती वेळ डांबायचं हे तो ठरवतो. त्यासाठी 'स्पेस लॉ' नावाची एक दंडसंहिताही असते. गुन्ह्यांची यादी, आणि प्रत्येकासमोर शिक्षा. शिक्षा मिनिटांत.

माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ या मिनिटांत आहे. शिक्षा पात्राला होते असं आपण म्हणतो, पण पात्र काही कोठडीत कंटाळत नाही. कंटाळतो त्याच्यामागचा माणूस. समजा मी कुणाला १० मिनिटं आत टाकलं आणि फेरी ९० मिनिटांची आहे. म्हणजे त्या माणसाच्या एका संध्याकाळच्या खेळाचा नववा भाग मी काढून घेतला. तो दिवसभर कुठेतरी काम करून आला असेल, पोरं झोपवून बसला असेल. आता तो तीन बाय तीनच्या चौकोनात एका पिक्सेलच्या खाटेकडे बघत बसलाय. बाकीच्या बहुतेक खेळांत मार, मरण, तुरुंग हे सगळं खोटं असतं. इथली कैद खरी असते, कारण ती वेळेची असते. चलन खरं असल्यामुळे ते खर्च करण्याचा अधिकार कुणाला द्यायचा हा प्रश्नही खरा होतो.

दुसरी अडचण अशी की या पदाची कर्तव्यं एकमेकांच्या विरुद्ध जातात. कागदावर सुरक्षा प्रमुखाचं काम गद्दार पकडणं हे आहे. पण त्याने आपलं काम पूर्ण कार्यक्षमतेने केलं, दहाव्या मिनिटाला प्रत्येकाची झडती घेऊन गद्दार शोधला आणि संपवला, तर उरलेली ८० मिनिटं सगळ्यांनी करायचं काय? गोष्टच संपली. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने 'द ग्रासहॉपर' या १९७८च्या पुस्तकात खेळाची व्याख्या केली आहे. तिचा आशय असा, की अनावश्यक अडथळे आपणहून स्वीकारून ते पार करायचा प्रयत्न करणं म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू हाताने नेऊन भोकात टाकणं जास्त सोपं असतं, पण मग तो गोल्फ राहत नाही. सुरक्षा प्रमुखाला हे बंधन स्वतःसाठी तर पाळावं लागतंच, शिवाय समोरच्या चोरालाही खेळता येईल एवढी जागा ठेवावी लागते. आणि हे करताना आपण मुद्दाम ढिलाई करतोय असं दिसता कामा नये, नाहीतर पात्र खोटं पडतं. मेहनती पण सर्वज्ञ नसलेला, कडक पण ऐकून घेणारा पोलीस. असा पोलीस लिहायला कादंबरीकारालाही घाम फुटेल. इथे तो तुम्हाला टाइप करता करता उभा करायचा असतो, आणि रेडिओवर एकाच वेळी सहा जण तुमच्या नावाने ओरडत असतात.

हे पद द्यायचे तीन मार्ग मी वेगवेगळ्या सर्व्हरांवर पाहिले आहेत.

पहिला चिठ्ठीचा. आवड नोंदवा, नशीब असेल तर मिळेल. दुसरा तासांचा. सिक्युरिटीत अमुक तास काढल्याशिवाय प्रमुखपद उघडत नाही. खूप सर्व्हर हे दोन्ही एकत्र वापरतात. तिसरा अर्जाचा, आणि तो मुख्यतः अशा सर्व्हरांवर दिसतो जिथे भूमिका निभावण्यावर जास्त भर असतो. प्रश्न ठरलेले असतात. तुमचं पात्र कोण, त्याचा इतिहास काय, हे पद का हवं, हे पद खेळात कशासाठी असतं असं तुम्हाला वाटतं. अर्ज सगळ्यांना दिसतो. तुमच्याबरोबर खेळलेले लोक खाली मत देतात, मग व्यवस्थापक निर्णय घेतात. मंजूर झाला तरी आधी काही काळ उमेदवारी.

तासांची पद्धत सगळ्यांत निष्पक्ष वाटते, पण मला ती सगळ्यांत कमी पटते. तास संयम मोजतात, विवेक नाही. खेळाडूंच्या बोलीत 'शिटक्युरिटी' असा एक शब्द आहे. उगाच दांडके चालवणारे, न विचारता बेड्या ठोकणारे, शिक्षा देऊन कोठडीतला माणूस विसरून जाणारे शिपाई म्हणजे शिटक्युरिटी. या प्रकारातले काही महाभाग मी पाहिलेत, आणि त्यांचे तास माझ्यापेक्षा किती तरी जास्त होते. वाईट सवयीचे शंभर तास झाले की ती अनुभव म्हणून गणली जाते.

अर्जाचं म्हणाल तर माझा पहिला नाकारला गेला. (कुठल्या सर्व्हरवर ते महत्त्वाचं नाही, सांगणारही नाही.) नाकारला गेला तेव्हा मला फार राग आला, कारण अर्ज लिहिणं ही एकच कला मला खरोखर येते असा माझा समज होता. परदेशात पीएचडी, मग पोस्टडॉक, दर थोड्या वर्षांनी व्हिसा, फेलोशिप, ट्रॅव्हल ग्रँट. आपल्यापैकी बहुतेकांनी विशीतला निम्मा काळ 'मी या संधीस पात्र का आहे' हे पटवण्यात घालवलाय. मीही सवयीने तेच केलं. नेतृत्वगुण, दडपणाखाली निर्णयक्षमता, संघभावना. शस्त्रं कशी वाटायची, अण्वस्त्र घेऊन हल्लेखोर आले तर बचाव कुठे उभारायचा, याचा मुद्देसूद आराखडा. वाचायला छान होता.

त्यावर एका जुन्या खेळाडूचं मत आलं. त्याचा मथितार्थ असा होता: दोन पानांच्या अर्जात कैद्याचा उल्लेख एकदाही नाही.

मी परत वाचला. खरंच नव्हता. चोर होते, शत्रू होते, धोके होते. पकडल्यानंतर त्या माणसाचं काय होतं, हा विषयच माझ्या डोक्यात आला नव्हता.

मग मी सहा-सात आठवडे साधी शिपाई म्हणून खेळले आणि दुसऱ्यांचे अर्ज वाचले. समीक्षक म्हणून सांगते, हा एक वेगळा साहित्यप्रकार आहे. यात वाईट लेखन लगेच ओळखू येतं. वाईट अर्जातलं पात्र माजी कमांडो असतं, त्याच्या अख्ख्या कुटुंबाचा शत्रूने खून केलेला असतो, आणि तो 'कठोर पण न्यायी' असतो. हे दोन शब्द इतक्या वेळा वाचले की आता 'सुंदर, सुशील, गृहकर्तव्यदक्ष' वाचल्यासारखं वाटतं. चांगल्या अर्जातलं पात्र साधं असतं. एकीच्या अर्जात पात्र आधी बंदरावर जकात तपासणारी होती आणि तिला फॉर्म नीट भरलेले आवडायचे, बस. पण त्यावरून ती कोठडीच्या दारात कशी उभी राहील ते डोळ्यांसमोर येत होतं. आणि जवळजवळ प्रत्येक चांगल्या अर्जात एक फसलेला प्रसंग असायचा, तपशिलासकट.

माझ्याकडेही असा एक प्रसंग होता. तो मी पहिल्या अर्जात लपवला होता.

स्थानकाला वीज पुरवणारा एक स्फटिक असतो, सुपरमॅटर. तो थंड ठेवावा लागतो, नाहीतर फुटतो, आणि फुटला की अर्धं स्थानक जातं. एका फेरीत मी एका माणसाला पकडलं. तो पॅनेल उघडून तारा चाळवून एक दार उघडत होता. अंगावर इंजिनिअरचे कपडे होते, पण कार्ड नव्हतं. तो सांगत होता की कार्ड हरवलंय, मला आत जायचंय, स्फटिक तापतोय. चोर असंच म्हणणार, असं मला वाटलं. १० मिनिटं. रेडिओवर स्फटिकाच्या अवस्थेची टक्केवारी घसरत चालल्याची घोषणा होत होती, आणि मी गृहीत धरलं की दुसरं कुणीतरी बघत असेल. त्या फेरीत दुसरा इंजिनिअर नव्हता. कोठडीतल्या माणसाच्या शिक्षेची तीन मिनिटं उरली असताना पडदा पांढरा झाला.

नियमाने बघाल तर मी बरोबर होते. दार फोडणं गुन्हा, शिक्षा संहितेप्रमाणे. फेरी संपल्यावर तो फक्त एवढंच म्हणाला की पुढच्या वेळी निदान माझ्याबरोबर दारापर्यंत तरी चल. हा प्रसंग मी दुसऱ्या अर्जात लिहिला, आणि आता काय करते तेही. बेड्या घातल्या तरी आधी माणसाला त्याच्या दाव्याच्या जागी घेऊन जायचं. खरं असेल तर सोडायचं, खोटं असेल तर दोन मिनिटं गेली. अर्ज मंजूर झाला. उमेदवारी अजून चालू आहे.

अर्जाची पद्धत यशस्वी झाली, मी सुधारले, असा समारोप इथे करता आला असता. पण या पद्धतीत दोन मोठी भोकं आहेत आणि ती मला आतून दिसलीत.

एक म्हणजे भाषा. अर्ज इंग्रजीत, आणि नुसत्या इंग्रजीत नाही, तर त्या मंडळींच्या विनोदाच्या, नम्रतेच्या पद्धतीत. चूक कबूल करण्याचीसुद्धा एक शैली असते. फार कबूल केली तर दुबळे, कमी केली तर उद्धट. मला ती शैली इथे आठ वर्षं राहून जमते. माझ्या आधीच्या सर्व्हरवर पूर्व युरोपातला एक खेळाडू होता, मी पाहिलेला सगळ्यांत शांत वॉर्डन. प्रत्येक कैद्याला त्याचा गुन्हा आणि उरलेला वेळ स्वतःहून सांगायचा. त्याचा अर्ज आठ ओळींचा होता आणि 'उत्तरं त्रोटक आहेत' म्हणून बाद झाला. कृतीतला विवेक तपासायला काढलेली परीक्षा शेवटी निबंधाची झाली. हा अनुभव आपल्यातल्या कुणाला नवा नाही.

दुसरं म्हणजे ओळख. मत कोण देतं? जे तुमच्या वेळेला खेळतात ते. मुंबईहून किंवा मेलबर्नहून खेळणाऱ्याला संध्याकाळच्या युरोपियन टोळक्यात कोण ओळखणार? कुणाच्या मनात खोट नसली तरी वशिला तयार होतो.

यावर एक मोठा आक्षेप घेता येईल. गणवेश मिळाला की माणूस बिघडतोच, मग निवड कशीही करा. याला पुरावा म्हणून हमखास १९७१चा स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोग सांगतात. साध्या विद्यार्थ्यांना पहारेकरी केलं, ते क्रूर झाले, दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला. पण अलीकडे त्या प्रयोगाची कागदपत्रं तपासली गेली आहेत. तिबो ल टेक्सिए या फ्रेंच संशोधकाने २०१९ साली दाखवून दिलं की पहारेकऱ्यांनी कसं वागावं याच्या सूचना त्यांना देण्यात आल्या होत्या. म्हणजे गणवेशाने आपोआप काही केलं नव्हतं. काय अपेक्षित आहे हे कुणीतरी सांगितलं होतं. मला अर्जाचं महत्त्व इथे दिसतं. निवडण्याचं साधन म्हणून तो कच्चा आहे, हे वर सांगितलंच. पण तोही एक प्रकारची सूचनाच आहे, उलट दिशेची. 'हे पद इतरांसाठी काय करतं' हा प्रश्न एकदा लिहून सोडवला की दांडकं उचलताना तो आठवतो. निदान मला आठवतो. आणि जे लिहिलं ते सगळ्यांसमोर पडून असतं. कुणीही दाखवून म्हणू शकतो की बाई, तुम्ही असं लिहिलं होतं.

शिवाय या खेळात पोलिसावर नजर ठेवणारी एक यंत्रणा आहे, जी मला फार आवडते. मेलेले लोक जात नाहीत. ते भूत होऊन स्थानकभर फिरतात, त्यांना सगळं दिसतं, फक्त जिवंतांशी बोलता येत नाही. मी बंद कोठडीत काय करते हे दहा-बारा भुतं बघत असतात. फेरी संपली की सगळे एकत्र येतात, गद्दार कोण होते ते जाहीर होतं, आणि भुतांना तोंड फुटतं. त्यांच्यापुढे 'तो पळत होता म्हणून' वगैरे सबबी चालत नाहीत. शिवाय कोण कुणाला कधी मारलं याची नोंद व्यवस्थापकांकडे असतेच. पद देताना जेवढी चौकशी, तेवढंच ते काढून घेणंही सोपं.

म्हणून माझं मत असं. चिठ्ठी प्रामाणिक आहे पण बेजबाबदार, तास निष्पक्ष आहेत पण आंधळे. अर्ज या दोन्हींपेक्षा बरा, पण दोन दुरुस्त्यांसह. लिखाण कमी करून त्याऐवजी एक-दोन फेऱ्यांचं प्रत्यक्ष निरीक्षण ठेवावं. आणि मत मागताना मित्रांच्या आधी त्या अर्जदाराने पकडलेल्या लोकांना विचारावं. शेवटच्या पाच कैद्यांचं म्हणणं कुठल्याही निबंधापेक्षा जास्त सांगेल.

हे सगळं खऱ्या पोलिसांना लागू करा असं मी म्हणणार नाही. इथे मेलेला माणूस पुढच्या फेरीत आचारी होऊन परत येतो, त्यामुळे चुकांची किंमत कितीतरी कमी आहे. पण आपण परदेशात राहणारी माणसं विमानतळाच्या काउंटरवर नेहमी एकाच बाजूला उभी असतो. समोरचा गणवेशातला माणूस कागद उलटत असतो, आणि आपण खरं बोलत असूनही घाबरलेलो असतो. कार्ड हरवलेल्या त्या इंजिनिअरला मी ऐकून घेतलं नाही, तेव्हा मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूला होते. मला तिथे बसायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

तुम्हाला हे पद हवं असेल तर एक सुचवते. अर्ज लिहायच्या आधी बिनकामाचा राखाडी कपड्यांतला असिस्टंट म्हणून खेळा आणि एकदा स्वतः पकडले जा. शक्यतो काही न करता. कोठडीत बसून घड्याळाकडे बघा. मग अर्ज लिहायला घ्या.

आईला मी यातलं थोडंफार फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बिचाऱ्या इंजिनिअरला सॉरी म्हणालीस ना?"

म्हणाले होते. दुसऱ्या अर्जात ते लिहायचं मात्र राहून गेलं.